बिनदुधाचं पुडिंग

नीला सामंतच्या डोक्यात सासरच्या सगळ्या गोतावळ्याची ताटं वाढून ठेवलेली होती. कोणाला वांगं चालत नाही, कोणाला चालतं पण चालत नाही म्हणून सांगायला आवडतं, कोण पोळीला तूप नको म्हणतो आणि मग वरणभातावर दोनदा मागून घेतो, हे तिला विचारावं लागत नसे. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पंगत बसली की ती हातात पातेलं घेऊन निघायची आणि एकालाही न विचारता वाढत जायची. विचारणं म्हणजे विसरल्याची कबुली, असा तिचा हिशेब. आणि या स्मरणशक्तीचा मोबदला ती तिथल्या तिथे वसूल करी. वाढता वाढता एखादी फिरकी, एखादा चिमटा. ज्याला बसे तो कसनुसा हसे, बाकीचे मनापासून हसत.

सासूबाई भाद्रपदात गेल्या. त्यांच्या तेराव्याला असंच झालं.

त्या दिवशी गोडाला तांदळाची खीर होती. नणंद रत्नप्रभा पंगतीच्या टोकाला, भिंतीशी बसली होती. रत्नप्रभाने बऱ्याच वर्षांपूर्वी आईला काशीला नेलं होतं आणि तिथे दूध सोडलं होतं. दूध आणि दुधाचं सगळं. काशीला गेलं की एखादी वस्तू सोडून यायची, ही रीतच. पण शहाणी माणसं देवाशीही घासाघीस करतात आणि कारलं नाहीतर दुधी भोपळा सोडून येतात. रत्नप्रभाने नेमकं दूध सोडलं. म्हणजे ती आली की काळा चहा, पोळ्यांना तूप न लावता तेल, श्रीखंडाच्या दिवशी तिच्यापुरतं वेगळं काहीतरी. सोडलं तिने आणि निभावलं आम्ही, असं नीला म्हणे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं.

तर खिरीचं पातेलं घेऊन नीला टोकापर्यंत आली, रत्नप्रभाच्या पानाकडे पाहिलं न पाहिलं आणि तशीच पुढे गेली. जाता जाता म्हणाली, "वन्संना विचारायलाच नको. त्यांनी दूध काशीत सोडलं आणि आईला आमच्याकडे."

पंगत हसली. तेराव्याच्या पंगतीला हसायला काहीतरी हवंच असतं. रत्नप्रभाही हसली, आणि मग खाली मान घालून जेवली.

टोमण्यात तथ्य होतं, म्हणूनच तो एवढा लागला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या ते सगळे महिने नीलाने काढले. न्हाऊमाखू घालणं, भरवणं, कपडे बदलणं, सगळं. रत्नप्रभा फक्त रविवारी यायची. अंधेरीला एकटीची खोली, टेलिफोन खात्यात नोकरी, मागे कोणी नाही. यायची, दाराजवळच्या खुर्चीवर बसायची, आईकडे लांबूनच बघायची, काळा चहा प्यायची आणि बसची वेळ झाली म्हणून उठायची. आज मी आईला न्हाऊ घालते, असं तिच्या तोंडून एकदाही निघालं नाही. नीलाने हे सगळं मनात तिच्या नावे टाकून ठेवलं होतं. दुसऱ्या बाजूलाही काही होतं. वडील लवकर गेल्यावर रत्नप्रभानेच नोकरी धरली, धाकट्या भावाला, म्हणजे नीलाच्या नवऱ्याला, शिकवलं, आणि त्यात तिचं लग्न राहून गेलं. पण ते नीला या घरात येण्याआधीचं. जुनी बाकी म्हणून ते तिने मागच्या पानावर ढकलून दिलेलं होतं.

तेराव्यानंतर रत्नप्रभा यायची बंद झाली. पहिला रविवार नीलाला हलका वाटला, दुसराही. मग तिच्या लक्षात आलं की नवरा रविवारी सकाळी पेपर घेऊन गॅलरीत जातो आणि पेपर न उघडता परत येतो. श्यामसुंदर बोलणाऱ्यातला नव्हता. नीलाला भांडणारा नवरा परवडला असता. हा गप्प बसून मुद्दल तसंच ठेवायचा आणि व्याज वाढू द्यायचा.

दिवाळी आली. घरातलं माणूस जाऊन वर्ष झालेलं नाही, म्हणून कंदील नाही, पणत्या नाहीत, फराळ नाही. शेजारपाजारचे डबे तेवढे येत होते. वसुबारसेला श्यामसुंदर म्हणाला, "मी ताईला ऑफिसातून फोन केला होता. भाऊबिजेला येते म्हणाली. ओवाळणं वगैरे नाही, नुसती जेवायला."

"बरं झालं."

तो थोडा वेळ चप्पल शोधत राहिला. मग म्हणाला, "त्या दिवशीचं तू काही काढू नकोस. पण काहीतरी बोल तिच्याशी."

"म्हणजे बोलू की नको?"

"तुला कळतं," असं म्हणून तो कामाला गेला.

नीलाला कळत होतं. फक्त तिच्या जिभेवर चुकलं हा शब्द कधी बसलेला नव्हता. टोमणा तिला सहज सुचे, माफीसाठी मात्र तिला वाक्यच सापडेना. शेवटी तिने आपल्या पद्धतीने तोड काढली. चूक वाढताना झाली होती, तर भरपाईही वाढूनच करावी. आणि तिला आठवलं की रत्नप्रभाला एकेकाळी चॉकलेट फार आवडे. पगाराच्या दिवशी ती एक वडी आणायची, अर्धी भावाला द्यायची आणि अर्धी स्वतः खायची, हे श्यामसुंदरने लग्नानंतर कधीतरी सांगितलं होतं. काशीनंतर तेही गेलं, कारण चॉकलेटातही दूध. तर मग दुधाशिवायचं चॉकलेट करून घालायचं. एवढ्या वर्षांनी तिला ते परत द्यायचं. हे गणित नीलाला इतकं पसंत पडलं की ती त्याच पावली शेजारच्या सुलक्षणाकडे गेली. सुलक्षणाने महिला मंडळात पुडिंगचा क्लास केला होता आणि तेव्हापासून ती साध्या शिऱ्यालाही डिझर्ट म्हणत असे.

"दुधाशिवाय चॉकलेट पुडिंग? अगं, मग त्यात राहिलं काय?"

"नारळ घालते ना."

"नारळ आणि कोको. गणपती आणि नाताळ एकदमच उरकतेस की."

"तू प्रमाण सांग."

"आमच्या क्लासच्या बाई प्रमाण सांगत नाहीत, अंदाज सांगतात. प्रमाण कळलं तर पुढच्या वर्षी क्लासला येणार कोण?" तरी तिने सांगितलं. कॉर्नफ्लोअर किती, साखर किती, कोको आधी चाळून घे, नाहीतर गुठळ्या होतील. "आणि खाली बिस्किटांचा थर दे. छान दिसतो."

"बिस्किटांत दूध असतं."

"एवढंसं असेल."

"एवढंसं म्हणजे असतंच की."

सुलक्षणाने तिच्याकडे निरखून पाहिलं. "नणंदेसाठी एवढं? काय गं, काय करून बसलीस?"

"काही नाही. दिवाळी आहे."

"तुमचं वर्ष चालू आहे ना? मग गोडधोड कसं?"

"कढई चढवायची नाही म्हणतात. पातेल्याबद्दल कोणी काही बोललेलं नाही."

"तू वकील व्हायला हवी होतीस, नीला. उगाच पोळ्या लाटतेस."

भाऊबिजेच्या सकाळी नीलाने आधी आरेच्या दुधाच्या बाटल्या उचलल्या आणि सुलक्षणाकडे नेऊन दिल्या. चुकून हात लागायला नको, थेंब उडायला नको. दूध कधी न लागलेलं एक नवं पातेलं माळ्यावरून काढलं. नारळ खवला, कोमट पाण्यात वाटला, फडक्यातून पिळून दाट रस बाजूला ठेवला आणि चोथा पुन्हा वाटून पातळ रस काढला. पातळ रसात कोको आणि साखर उकळली, दाट रसात कॉर्नफ्लोअर कालवून हळूहळू सोडलं, चिमूटभर मीठ टाकलं आणि मंद आचेवर ढवळत राहिली. आधी ते नुसतंच काळपट पाणी दिसत होतं. मग एकाएकी डावाला जड लागायला लागलं, चकाकी आली, आणि स्वयंपाकघरात असा वास सुटला की श्यामसुंदर आतून उठून आला.

"चहा?"

तिने कप पुढे केला. त्याने आत पाहिलं. "काळा? मलाही काशी झाली का?"

"आज घरात दूध नाही. एक दिवस मरत नाही तुम्ही."

कप घेऊन जाताना त्याने बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. असं तो सहसा करीत नसे. नीलाने ते ताबडतोब जमेला धरलं.

रत्नप्रभा अकराच्या सुमारास आली. फिक्या रंगाची इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, हातात केळ्यांची पिशवी. आधीच बारीक होती, आता चेहरा आणखी उतरला होता. भावाने बसची चौकशी केली, बहिणीने त्याच्या गुडघ्याची. साधंच जेवण होतं, वरणभात, बटाट्याची भाजी, सोलकढी. खुर्चीवरून उठून ती या वेळी आतल्या खोलीत गेली, सासूबाईंची कॉट होती त्या जागेकडे बघत जरा उभी राहिली आणि परत आली. ते नीलाने पाहिलं. जेवणं झाली आणि श्यामसुंदर सवयीने पाच मिनिटं म्हणून आडवा झाला. त्याची पाच मिनिटं तासाला भिडतात हे दोघींनाही माहीत होतं.

नीलाने फ्रिजमधून काचेची वाटी काढली. पुडिंग असं बसलं होतं की वाटी हलवली तर ते तेवढ्यापुरतं थरथरे आणि पुन्हा शांत होई. तिने ती नणंदेपुढे ठेवली.

"हे काय गं?"

"चॉकलेटचं पुडिंग. नारळाच्या रसातलं. वन्सं, दुधाचा थेंब नाही हो. बिस्किटंसुद्धा नाही घातली. पातेलंही दूध न लागलेलं घेतलं. अजिबात भीती नको, खा तुम्ही."

रत्नप्रभाने चमचा भरला. तोंडात घेऊन ती थोडी थांबली. "चॉकलेट," ती स्वतःशीच म्हणाली. मग आणखी एक चमचा. "छान झालंय. कडवट नाही लागत. एवढा खटाटोप कशाला केलास?"

"खटाटोप कसला? तुम्हाला भीती न वाटता खाता यावं, एवढंच."

"आता भीती कसली," रत्नप्रभा म्हणाली आणि पुढचा चमचा घेतला.

माणसांच्या बोलण्यातला एखादा सुटा शब्द उचलायची नीलाला खोड होती. त्या खोडीवरच तिची निम्मी कीर्ती उभी होती. "आता म्हणजे?" तिने विचारलं.

"काही नाही."

"वन्सं, तुम्ही उगाच एखादा शब्द जास्त बोलणाऱ्यातल्या नाहीत. आता म्हणजे काय?"

रत्नप्रभाने चमचा वाटीत ठेवला. सांगावं की नाही, याचा विचार ती करताना दिसत होती. मग अगदी कोरड्या आवाजात, टेलिफोनवर नंबर सांगावा तसं, तिने सांगितलं. "काशीला आईला ताप चढला होता. धर्मशाळेत. ती मला ओळखेना. डॉक्टर म्हणाले, मुंबईला कळवून ठेवा. मी घाटावर गेले आणि दूध सोडलं. पण कायमचं नव्हतं ते. आई आहे तोवर. तू तिला ठेव, मी दूध पीत नाही, असं गंगेला बोलले होते."

"आणि हे आम्हाला कोणालाच..."

"सांगितलं असतं, तर आईने घरी आल्या आल्या जबरदस्तीने पेला तोंडाला लावला असता माझ्या."

नीलाचं डोकं असल्या बाबतीत भराभर चाले. आई आहे तोवर. आई भाद्रपदात गेल्या. मग नेम तिथेच संपला. मग तेराव्याला.

"तुम्ही खीर घेणार होतात," ती म्हणाली.

"आमच्या आजीचं असं होतं, की सोडलेली वस्तू तोंडाने मागून घ्यायची नसते. घरातल्या बाईने पानात वाढली की नेम सुटला. म्हणून मी त्या दिवशी पानापुढे वाटी ठेवून घेतली. एरवी खीर असली की मी वाटी घेते का? घेत नाही. म्हटलं, नीलाला सगळ्यांचं सगळं ठाऊक असतं. वाटी दिसली की तिला कळेल, ती थांबेल. निदान विचारेल."

वाटी नीलाला दिसली होती. स्टीलची, काठाला किंचित पोचा आलेली. दिसली होती आणि तरीही तिने पाहिली नव्हती, कारण त्या पानात काय वाढायचं नाही हे तिला पक्कं माहीत होतं. आणि ओठावर वाक्य तयार होतं. ते वाया जाऊ द्यायचं तिच्या जिवावर आलं होतं.

"थांबा," ती म्हणाली आणि उठली.

पायात चप्पल न घालता ती सुलक्षणाच्या दारात गेली. "दूध दे गं."

"सकाळी तर तूच..."

"दे ना. कोमट कर. साखर घाल."

सुलक्षणाने तिचा चेहरा पाहिला आणि पातेलं चढवलं. दुधाची वाटी पदराने धरून नीला परत आली तेव्हा रत्नप्रभाने पुडिंग पूर्ण संपवलं होतं. काही शिल्लक ठेवायचं नाही अशा बेताने, कडेकडेने निपटून. नीलाने दोन्ही हातांनी वाटी पुढे केली. रत्नप्रभाने दुधाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"राहू दे, नीला. ते झालं."

"झालं म्हणजे?"

"तेराव्याच्या दुसऱ्या दिवशीच. आमच्या कँटीनमध्ये. कँटीनवाल्याने नेहमीसारखा काळा चहा पुढे केला, मी म्हटलं दूध घालून द्या. त्याला वाटलं थट्टा करते. पुन्हा सांगावं लागलं. उभ्या उभ्याच प्यायले." ती पर्सचा बंद उघडून पुन्हा लावत होती. "इतक्या वर्षांनी म्हणून मला वाटलं होतं, काहीतरी होईल. रडूबिडू येईल. काही नाही. चहात साखर जास्त होती, तेवढं आठवतं. मागून घेतला म्हणून असेल."

वाटी नीलाच्या हातातच राहिली. ती ओट्यावर ठेवायचंही तिला सुचेना. "वन्सं, त्या दिवशी मी जे बोलले..."

"ते खरं होतं." रत्नप्रभा लगेच म्हणाली, जणू हे वाक्य ती घरून घेऊनच आली होती. "आईचं काही करायला मी आले नाही. मला जमत नव्हतं गं. तो वास, आणि ती माझ्याकडे एकटक बघायची. मला दूध सोडणं जमलं, ते मी केलं. उशाशी बसणं नाही जमलं. तू केलंस ते तू केलंस, त्यातलं काही मी कमी करत नाही." मग म्हणाली, "पण तू मला एकटीला गाठून बोलली असतीस, तर मी ऐकून घेतलं असतं. रडले असते, ऐकलं असतं. पंगतीत बोललीस. सगळे हसले. मीही हसले. त्याचं मला जास्त वाईट वाटतं, की मीही हसले."

चुकलं, एवढं तरी म्हणावं म्हणून नीलाने तोंड उघडलं, आणि आतून श्यामसुंदर जांभई देत बाहेर आला. "काय, दोघी गप्प का? आणि माझा वाटा कुठाय?"

त्याला वाटा मिळाला. पहिल्याच चमच्याला त्याने डोळे मिटले. "ताई, हे तुझ्या पगाराच्या दिवसासारखं लागतंय." रत्नप्रभा हसली, या वेळी खरं. भाऊ खाताना ती बघत बसली, आणि त्या दोघांकडे बघताना नीलाला वाटलं, कदाचित सावरलं असेल. निदान यांच्यापुरतं तरी.

निघायची वेळ झाली तेव्हा श्यामसुंदर म्हणाला, "पुढच्या भाऊबिजेला वर्ष संपलेलं असेल. तेव्हा नीट करू. पाट, रांगोळी, ओवाळणं, सगळं."

"पुढच्या वर्षी तू ये माझ्याकडे," रत्नप्रभा म्हणाली. "भाऊबिजेला भावानेच बहिणीकडे जायचं असतं. आई इथे होती म्हणून मी येत होते."

"हे बरं आहे. अंधेरीला येतो. तिथून वर्सोव्याला जाऊ दोघं, बंदर बघायला. लहानपणी गेलो होतो तसे."

"जाऊ की."

नीला दारापर्यंत गेली. "रविवारी येत जा, वन्सं. दूध घालून चहा करते."

"बघू, कसं जमतं ते," रत्नप्रभा म्हणाली, अगदी गोड आवाजात. खात्यात इतकी वर्षं काढल्यावर माणसाला लाइन कशी बंद करावी हे कळतं. रागाने आपटून ठेवलेल्या फोनचा माणसाला आवाज तरी येतो. जिना उतरताना तिने वर वळून हात केला. एरवी तो भावासाठी असे, पण आज भाऊ तिच्या बरोबरच उतरत होता, तेव्हा कदाचित नीलासाठी असेल. नीलाने तो कुठल्या बाजूला मांडावा हे ठरवता ठरवता खालचं फाटक वाजलं.

श्यामसुंदर तिला बसमध्ये बसवून आला तो शीळ घालतच. आईला जाऊन इतके दिवस झाले, एवढ्या अवधीत तो पहिल्यांदाच असा दिसत होता. "झकास झालं बघ. तुझ्या पुडिंगने काम केलं. ताई वाटेत म्हणालीसुद्धा, नीलाने मनापासून केलंय. आणि पुढच्या वर्षीचं तुझं कामही वाचलं."

सांगावं का त्याला, असं नीलाच्या मनात आलं. सगळंच, वाटीपासून कँटीनपर्यंत. सांगितलं तर त्याची ती शीळ जागच्या जागी बंद पडणार. न सांगितलं तर ती रोज ऐकावी लागणार.

"तुम्ही एकट्यानेच जायचं आहे," ती म्हणाली. "मला बोलावलेलं नाही त्यांनी."

"अगं, तुला वेगळं काय बोलवायचं?"

"बोलावतात. जे यावेत असं वाटतं, त्यांना बोलावतात."

श्यामसुंदर हसला. बायकोने आणखी एक फिरकी घेतली असं त्याला वाटलं, आणि त्यात त्याचा दोष नव्हता. ती बोलली की हसायचं, ही सवय तिनेच घरादाराला लावलेली होती. तिच्या तोंडून निघालेलं खरं कधी ओळखायचं, हे तिने कोणाला शिकवलंच नव्हतं.